3,043 डॉलरचा चुना: व्हाइट मॅटमधलं 'प्लॅटिनम'

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. फ्रेमचे 2,850 डॉलर, पाठवणी आणि विम्याचे 118, आणि नंतर जाणकाराच्या तोंडून "खोटं आहे" एवढं ऐकण्याचे 75. एकूण 3,043.

वस्तू काय, तर पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' अल्बमचं आरआयएए प्लॅटिनम, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना विक्रीसाठी देते तो फ्रेममधला पुरस्कार; व्हाइट मॅट बांधणीत (रेकॉर्डमागे पांढरं कापड), पाटीवर साल 1973. ज्यांना यातलं कळतं ते इथेच हसतील. हसा. आरआयएएचं प्लॅटिनम सुरू झालं 1976 मध्ये, आणि सुरुवातीला ते त्या वर्षापासून निघालेल्या रेकॉर्डनाच मिळायचं. या अल्बमला 1973 च्या एप्रिलमध्ये गोल्ड मिळालं, प्लॅटिनम थेट 1990 मध्ये. पांढऱ्या लिननवरची व्हाइट मॅट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच बंद झाली; मग फ्लोटर, स्ट्रिप प्लेट, आणि ऐंशीच्या मध्यापासून होलोग्राम, अशा फ्रेमच्या पद्धती आल्या. म्हणजे असली वस्तू जगात एकही असू शकत नाही! 1976 हे साल मला तोंडपाठ होतं. फोटोत पाटी स्वच्छ वाचता येत होती, आणि मी न्याहाळत बसलो लाकडाचा रंग. आरआयएएच्या संकेतस्थळावर अल्बमचं नाव टाकलं की सगळ्या तारखा दिसतात. फुकट. दोन मिनिटं.

अगदीच डोळे मिटून घेतलं असं नाही हं. या अल्बममधली गाणी एकमेकांत मिसळतात, तरी फ्रेममधल्या रेकॉर्डवर सुट्या गाण्यांचे असावेत तसे सहा ठळक पट्टे दिसत होते. ते मी विचारलं. उत्तर आलं: खऱ्या पुरस्कारांतही मुलामा दिलेली भलतीच रेकॉर्ड असते, लेबल तेवढं वरून चिकटवलेलं. हे अगदी खरं आहे, म्हणूनच तर फसलो. एक उत्तर बरोबर निघालं आणि बाकीचं मी विचारलंच नाही.

पाटीवरचा मजकूर वाचा. त्या काळच्या अल्बमच्या पाटीवर 10 लाख डॉलरच्या विक्रीचा उल्लेख असतो. माझ्या पाटीवर 10 लाख प्रती. दहापट भिंगाखाली अक्षरांत रंगाचे ठिपके दिसले तर पाटी छापील. कोरलेल्या अक्षराला कड असते, नख अडकतं. अतिनील टॉर्चवर मात्र विसंबू नका, सत्तरच्या दशकातला कागदही चमकू शकतो. विक्रेत्यानं स्वतःच सही केलेलं 'अस्सलपणाचं प्रमाणपत्र' म्हणजे रद्दी. वर्णनात 'आरआयएए पद्धतीचं' असं लिहिलेलं दिसलं की तिथूनच परत फिरा.

आता पैशांचं. मागणी 2,950 ची होती. जिथे जाहिरात होती त्या साइटबाहेर, ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या 'मित्र-नातेवाईक' पर्यायानं पाठवले तर 100 कमी. मी पाठवले. त्या 100 डॉलरसाठी सगळं संरक्षण स्वतःच्या हातानं काढून टाकलं.

मग सुरू झाली वरात. पैसे पाठवणारी कंपनी म्हणाली, या पर्यायाला भरपाई नाही. साइट म्हणाली, व्यवहार आमच्या इथे झालाच नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच मंजूर केलेत. तेही 40 मिनिटं फोन धरून ठेवल्यावर, तीन वेगवेगळ्या माणसांना तीच कथा सांगितल्यावर. मी न्यू जर्सीत, विक्रेता दुसऱ्या राज्यात, म्हणून इथल्या ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं तक्रार घ्यायलाच टाळाटाळ केली. "तुम्हाला फ्रेम मिळाली ना? मग हा दिवाणी मामला." प्लॅटिनम 1976 चं हे त्याला समजावत होतो, तर म्हणतो, "दिसायला तर छान आहे." विक्रेत्याच्या गावच्या ठाण्यात फोन केला, त्यांनी परत इकडेच बोट दाखवलं. ऑनलाइन तक्रार नोंदवली, तिचा एक लांबलचक क्रमांक आला. पाच महिने झाले, क्रमांकच आहे. आणि सगळ्यांनी न चुकता विचारलं, "तुम्ही आधी खात्री का नाही केलीत?" अरे, केली असती तर तुमच्या दारात कशाला आलो असतो!

संशय आला की फ्रेमच्या मागचा कागद फाडायच्या आधी चारी कोपऱ्यांचे, स्टेपलचे, पाटीचे फोटो काढा, आणि उघडताना व्हिडिओ. मी रागाच्या भरात कागद टराटरा फाडला. आत ताजा चकचकीत गोंद निघाला. त्याचे फोटो विक्रेत्याला पाठवले, तर उत्तर आलं की फ्रेम तुम्हीच उघडलीत, आत काय घातलंत ते आम्हाला काय माहीत.