6 लाखांचा चेक आणि वापीला चार्ज होणारी माझी गाडी

जुनी इलेक्ट्रिक गाडी शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्यायची की बाहेर विकायची, असा घोळ ज्यांच्या घरी चालू आहे त्यांनी हे वाचा. नातेवाइकांत मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. "अगं, तू तर अकाउंट्समधली!" हे मला ऐकायचं नाहीये.

गाडी 2022 ची नेक्सॉन ईव्ही. ऑन-रोड 15,62,000 ला घेतलेली, 41,000 किलोमीटर झालेली, लोन फिटलेलं, आरसीवरून बँकेचा बोजाही उतरवलेला. शोरूमचा मुलगा आला, टायर दाबले, बॉनेट उघडून उगाच आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, ईव्हीला रिसेल नाही. 6,75,000." बॅटरीची तब्येत 91 टक्के असल्याचा सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मी पुढं केला, तर म्हणे आमच्या सिस्टीममध्ये त्याचा कॉलम नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटांनी नवी नेक्सॉन ईव्हीच 1,20,000 पर्यंत स्वस्त केली, मग जुनीचा भाव पडणारच, एवढं मलाही कळतं. पण तशाच गाड्या जाहिरातींत साडेआठ लाखांना दिसत होत्या. पावणेदोन लाखांवर पाणी सोडायला इथं कुणाला परवडतं?

म्हणून जाहिरात टाकली. एकाचा फोन आला. "8,25,000 देतो ताई, रोख व्यवहार नको, सगळं बँकेतून." मालवणी हेल. मी देवगडचा, म्हणाला. माझं माहेर कणकवलीचं. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता जो भाग आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो तो. हे महाशय घरी आले, सोबत एक गप्प बसणारा साथीदार. मी चहा दिला, रिपोर्ट समोर ठेवला. त्यानं त्या रिपोर्टवर कप ठेवला. वाचला नाही, उचलला नाही, कपाखाली घेतला. खाली जाऊन आरसी बघितली, चासी नंबरचा फोटो काढला, दोन्ही चाव्या आहेत ना विचारलं. चार्जिंगचं झाकण उघडून बघितलं नाही. एका चार्जमध्ये किती जाते, हे विचारलं नाही. बॅटरीची वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का, पार्किंगमधला चार्जर सोबत देणार का, काही म्हणजे काही नाही. आमच्या लिफ्टमध्ये शाळकरी पोरंसुद्धा आधी रेंज विचारतात हो! नवरा हळूच म्हणाला, याला गाडीतलं कळत नाही. मी म्हटलं, दलाल आहे, पुढं विकणार, त्याला कशाला कळायला हवं? आजही सांगते, त्यात तर्काची चूक नव्हती. तो गाडी घ्यायला आलाच नव्हता, कागद घ्यायला आला होता.

25,000 टोकन लगेच. दुसऱ्या दिवशी 2,00,000 एनईएफटीनं, खरे, खात्यात जमा, मी स्टेटमेंट काढून बघितलं. उरलेल्या 6,00,000 चा पुढच्या तारखेचा चेक. आणि मुंबईच्या हद्दीवरच्या चेकनाक्याच्या पलीकडे गाडी त्याच्या ताब्यात. मी डिलिव्हरी नोट तारीख-वेळेसकट लिहून घेतली, आधार-पॅनच्या प्रती घेतल्या, त्याच्यासोबत फोटो काढला. नोंदणी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं. नाकं मुरडू नका. या शहरात दलालामार्फत जुनी गाडी विकलेल्या दहा जणांना विचारा, किती जणांनी नाव भरलेल्या फॉर्मवर सही केली ते.

चेक परत आला. खात्यात पैसे नाहीत. वर माझ्याच बँकेनं 236 रुपये कापले. फोन बंद, आधारवरच्या पत्त्यावर, चेकनाक्याच्या पलीकडे, शटर बंद असलेला गाळा.

मग फास्टॅगचे मेसेज. खानिवडे. चारोटी. अहमदाबाद महामार्गावरचे टोलनाके. टॅग माझ्या खात्याचा, टोल माझा. (गाडी देण्याआधी टॅग बंद करा, काचेवरून खरवडून काढा.) मुलानं गाडीचं ॲप उघडलं, त्यातून मी लॉगआउट झालेच नव्हते. नकाशावर वापी, गुजरात. चार्जिंग सुरू, 64 टक्के. माझी गाडी कुठं उभी आहे हे मला मीटरपर्यंत दिसत होतं! कुणाला याहून जास्त काय पुरावा लागतो?

पोलिसांना लागतो. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "काही पैसे दिलेत ना त्यानं?" दिले, सव्वादोन लाख. "मग ही दिवाणी बाब आहे मॅडम, व्यवहारातला वाद. वकील करा." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ते सव्वादोन लाख टोकन नव्हतेच, माझी फसवणूक 'वाद' व्हावी म्हणून मोजलेली किंमत होती. एक रुपयाही न देता पळाला असता तर त्याला चोर म्हणाले असते. मी ॲप दाखवलं. स्क्रीनशॉटची प्रिंट आणा. प्रिंट नेली. तर म्हणे गाडी चेकनाक्याच्या पलीकडे दिली, हद्द आमची नाही. पलीकडच्यांनी सांगितलं, चेक मुंबईतल्या बँकेचा, तिकडेच जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द न बघता तक्रार नोंदवून घ्यायची असते, हे मी, अकाउंट्समधली बाई, त्यांना सांगत होते आणि ते माझ्याकडे असं बघत होते की मीच कुणाची गाडी पळवलीय. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे चेकचं प्रकरण ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही. आरटीओत गेले, नोंदणी हस्तांतर थांबवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा, लगेच गाडी ब्लॅकलिस्ट करू. पोलीस म्हणतात आधी गाडी आज कुणाच्या नावावर आहे ते आरटीओतून लेखी आणा. खिडकीतल्या बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं, "सही तुमचीच आहे ना?" आहे. मग? मग काही नाही, पुढचा नंबर.

या धावपळीत ॲपवर एक दिवस 'वाहन ऑफलाइन' आलं. संपलं.

आरटीओतल्याच एका म्हाताऱ्या एजंटाकडून मला ते कळलं जे खिडकीच्या आत बसलेल्या कुणी सांगितलं नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी ताब्यात घेताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला की त्या दिवसापासून जबाबदारी डीलरची. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा: अधिकारपत्र आहे? 29सी भरणार? नाही म्हटलं की फोन ठेवा, माणूस देवगडचा असो नाहीतर दुबईचा. थेट कुणा गिऱ्हाइकाला विकत असाल तर फॉर्म 29 ची प्रत त्याच दिवशी स्वतः आरटीओत द्या. कायद्यानं 14 दिवसांत कळवायचं असतं आणि ते काम विकणाऱ्याचं आहे. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय दुसरी चावी नाही, चार्जिंगची केबल नाही, सही तर नाहीच. आणि चेक? चेक घेऊच नका. परतल्याचं बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग त्याला पैसे भरायला 15 दिवस, मग महिन्याच्या आत कोर्टात. माझी नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' शेरा मारून परत आलीय. वकिलाचे 15,000 आधीच गेलेत.

दरम्यान वेग ओलांडल्याचं 2,000 रुपयांचं ई-चलान माझ्या नावे आलं. वकील म्हणाले, चलानाचं सोडा, अपघाताचं बघा. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच म्हटलंय, उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाईची नोटीस तुम्हाला येईल. इन्शुरन्स संपत आला होता. 7,920 रुपये थर्ड पार्टीचे काल भरले.