दिवा लागला, म्हणून आर्मेचर जळालं?

मशीनचं आर्मेचर, म्हणजे जनरेटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळालंय म्हणून लातूरच्या एका वाइंडिंगच्या (मोटारींच्या तारा भरण्याच्या) दुकानात माझ्यासमोर दिवा लावून दाखवला आणि माझे ३१,५०० रुपये गेले. दिवा खरा होता, फक्त त्याच्या वायरी भलत्याच जागी टेकवल्या होत्या. हे कळायला मला साडेचार महिने लागले. डिझेलची जुनी वेल्डिंग मशीन घेऊन दुरुस्तीला जाणाऱ्यांना ती जागा माहीत असावी, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं औसा तालुक्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दुकानात लाइटवरची मशीन आहे, पण निम्मं काम शिवारात असतं. शेड, पाइपलाइन, गोठ्याचे अँगल, विहिरीवरचे गर्डर. शेतात थ्री फेज पाळीनं येते, कधी तर रात्रीच येते. म्हणून २००६ साली थोरल्या भावानं ही जुनी मशीन घेतली. दोन सिलिंडरचं हवेवर थंड होणारं इंजिन, त्याला सरळ जोडलेला डीसी जनरेटर, खाली दोन चाकं. ट्रॅक्टरमागं अडकवायची आणि निघायचं. आठ नंबरची रॉड दिवसभर ओढली तरी दम टाकत नाही. आमचं घर ह्या मशीनवर उभं राहिलंय.

२०२३ च्या ऑगस्टात पावसानं दडी मारली. सोयाबीन वाळलं, लोकांनी शेडची कामं पुढं ढकलली. जूनपासून मशीन पत्र्याखाली झाकून ठेवलेली. सप्टेंबरच्या शेवटी, दसऱ्याच्या आधी, ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या दुरुस्तीला यायला लागल्या तेव्हा बाहेर काढली. इंजिन लगेच पकडलं, आवाजही नेहमीचा. पण रॉड टेकवली तर ठिणगीच नाही. केबल बदलली, होल्डर बदलला, मल्टीमीटर लावला तर शून्य. दारात चार ट्रॉल्या उभ्या. कव्हर न उघडताच मी मशीन टेम्पोत घातली आणि लातूर गाठलं.

दुकानातल्या पोरानं मागचं कव्हर काढलं. बल्ब जोडलेल्या दोन वायरी घेतल्या आणि कम्युटेटरवर, म्हणजे वीज बाहेर काढणारे कार्बनचे तुकडे जिथं घासतात त्या तांब्याच्या गोल पट्ट्यांवर, दोन ठिकाणी टेकवल्या. बल्ब लख्ख लागला.

"बघा की, लागलाय ना? आर्मेचर शॉर्ट झालंय. सगळं भरावं लागतंय," मालक म्हणाले.

"किती लागतील?"

"साडेदहा किलो तांबं बसतंय ह्याला. साडेएकतीस द्या. जुनं तांबं त्यातच वळतं केलंय."

पंधरा हजार तिथंच फोनवरून पाठवले, बाकीचे मशीन नेताना रोख दिले. बिल मागितलं तर हातानं लिहिलेली चिठ्ठी मिळाली, तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना सही. नऊ दिवसांनी गेलो तर आर्मेचर लाल वार्निशनं चकाकत होतं. रॉड टेकवली, मस्त आर्क. कामाच्या पोरांना चहापाण्याला दोनशे देऊन आलो. पण त्या नऊ दिवसांत चारपैकी तीन ट्रॉल्या दुसरीकडं गेल्या होत्या, आणि ती गिऱ्हाइकं अजून परत आलेली नाहीत.

पुढं हंगामभर मशीन चालली. जानेवारीत काम थंडावलं, महिनाभर उभी राहिली. फेब्रुवारीत किल्लारीकडं एका शेडसाठी खडबडीत रस्त्यानं ओढत नेली, तर पुन्हा शून्य. दुकानात फोन केला. "फील्ड गेली असंल, आणा, आठ हजारांत करून देतो," म्हणाले. फील्ड म्हणजे आर्मेचरभोवती चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइल. आर्मेचर नवं, मग पाच महिन्यांत फील्ड कशी काय गेली? तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

शेडवाल्या शेतकऱ्यानंच निलंग्याच्या एका चाचांचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं मोटारी भरलेला माणूस, आता घरीच असतात. मशीन तशीच त्यांच्या अंगणात नेली. चाचांनी चाकूच्या टोकानं लाल वार्निश नखाएवढं खरवडलं. खाली जुनं तपकिरी वार्निश होतं आणि दोन्हींच्या मध्ये करड्या भुकटीचा थर. चाचांनी ती कागदावर झाडली आणि खालून लोहचुंबक फिरवला. भुकटी उभी राहून चुंबकामागं पळायला लागली. तो माझ्याच ग्राइंडरचा कीस होता, वर्षानुवर्षं पंख्याच्या हवेबरोबर आत गेलेला. वेल्डिंगचा एक बारीक मणीसुद्धा लाल रंगाखाली चिकटलेला होता.

"बेटा, नवीन भरताना हे सगळं निघतं," ते म्हणाले. "खाचेतल्या पट्ट्या बघ, जुन्याच. कम्युटेटरला तारा जोडलेले सांधे बघ, त्यांच्यावर कार्बनची काजळी तशीच, वरून रंग मारलाय. एक तार बदललेली नाही."

मी दिव्याचं सांगितलं. चाचा घरात गेले आणि हँडग्राइंडरचं नवं कोरं, पाकिटातलं आर्मेचर घेऊन आले. बल्बच्या वायरी त्याच्या कम्युटेटरच्या दोन पट्ट्यांवर टेकवल्या. दिवा लागला. मग एक वायर पट्टीवर ठेवून दुसरी शाफ्टला लावली. दिवा लागला नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्या. आर्मेचरच्या सगळ्या कॉइल एकमेकींना सलग जोडलेल्या असतात, त्यामुळं कुठल्याही दोन पट्ट्यांमध्ये दिवा लागणारच, आर्मेचर चांगलं असलं की हमखास लागणार. बॉडी शॉर्ट, म्हणजे वीज तारांतून लोखंडात उतरते का, हे बघायचं तर एक टोक कम्युटेटरवर आणि दुसरं शाफ्टवर पाहिजे. तेही दिव्यापेक्षा ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, बघावं. एक मेगओहमच्या खाली आलं तर काळजीचं. पण पावसाळ्यात नुसत्या ओलीनंही आकडा खाली येतो. चाचा म्हणाले, आधी कार्बनची भुकटी साफ करायची, मग मशीनच्या आत रात्रभर २०० वॅटचा बल्ब पेटवून ठेवायचा आणि सकाळी पुन्हा मेगर लावायचा. तरीही आकडा वर आला नाही तर वाइंडिंगचं बोलायचं. दिव्याचा हा प्रयोग लाइटवर चालतो, घरी करून बघू नका, जीव जाईल.

मग माझ्या मशीनला झालं होतं काय? अशा डीसी जनरेटरला फील्डचा करंट बाहेरून मिळत नाही, तो स्वतःच तयार करतो. सुरुवात होते ती लोखंडात उरलेल्या थोड्या चुंबकत्वावर. त्यातून थोडे व्होल्ट निघतात, ते फील्डला जातात, फील्ड वाढते, व्होल्ट चढतात. मशीन महिनोन्‌महिने उभी राहिली, हादरे बसले की ते उरलेलं चुंबकत्व कमी होऊ शकतं. मग इंजिन कितीही पळालं तरी वर काही येत नाही. कार्बन होल्डरमध्ये अडकला, झिजून आखूड झाला किंवा त्याची स्प्रिंग ढिली पडली तरी लक्षण हेच. माझ्या मशीनमध्ये दोन्ही होतं. चारपैकी एक कार्बन मळानं होल्डरमध्ये घट्ट बसला होता.

चाचांनी कार्बन काढून होल्डर पुसले. कम्युटेटर बारीक काचपेपरनं साफ केला. एमरी लावू दिला नाही, त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसून पट्ट्या शॉर्ट करतात म्हणाले. मग इंजिन बंद ठेवून फील्डच्या दोन्ही वायरी सोडल्या, खुणा बघून ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस फील्डच्या प्लसला आणि मायनस मायनसला जेमतेम चार सेकंद धरला. बॅटरी बाजूला नेली, वायरी जागेवर जोडल्या, इंजिन लावलं. मल्टीमीटर ७२ व्होल्टवर गेला. नवे कार्बन धरून एकूण खर्च ९०० रुपये, त्यातले चाचांचे ५००, तेही मी हातात कोंबले म्हणून घेतले. उलटं जोडलं तर रॉडच्या होल्डरचं प्लस-मायनस उलटतं, म्हणून खुणा बघणं महत्त्वाचं. आणि मशीनला एव्हीआर कार्ड (व्होल्ट सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड) असेल तर त्याच्या वायरी सोडल्याशिवाय बॅटरी लावू नका, कार्ड जाईल.

लातूरच्या दुकानानं एवढंच केलं होतं, वर लाल वार्निश मारून. मी परत गेलो तेव्हा मालक म्हणाले, "चालू करून दिली का नाही? चार महिने चालली का नाही?" चिठ्ठी पुढं केली तर म्हणाले, हे आमचं अक्षर नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पंधरा हजारांचा फोनवरचा व्यवहार तेवढा दाखवता आला, रोखीच्या साडेसोळा हजारांचा काहीच पुरावा नाही. दुकानाचं उत्तर एवढंच की काम केलं, मशीन चालू दिली. त्या लाल आर्मेचरचा एकही फोटो मी कव्हर लावायच्या आधी काढला नव्हता, याचं सगळ्यात वाईट वाटतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं, एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, हेही मला उशिरा कळलं.

गेल्या बुधवारी रेणापूरकडचा एक पोरगा अशीच मशीन घेऊन माझ्याकडं आला. आर्मेचर जळालंय असं त्यालाही सांगितलेलं. आम्ही मेगर लावला, बल्ब ठेवून रात्रभर वाळवलं, सकाळी पुन्हा लावला. आकडा शून्यच. कव्हरमधून करपल्याचा वास येत होता, दोन खाचांतलं इन्सुलेशन काळं पडलेलं. त्याचं खरंच जळालं होतं. चाचांना विचारून दुसऱ्या एका वाइंडरकडं पाठवला. जाण्याआधी शाफ्टच्या टोकाला पंचनं तीन ठिपके मारून फोटो काढला. जुनी तार समोर काढून घ्यायची आणि वजन करून ताब्यात घ्यायची, असं त्याला सांगितलं. संध्याकाळी त्याचा फोन आला: काट्यावर जुनं तांबं नऊ किलो दोनशे ग्रॅम भरलं, पोत्यात घालून मोटारसायकलला बांधलंय.