तांबट आळीची कल्हईवाली हंडी, मटण दम बिर्याणीसाठी

घरी मटण बिर्याणी करायची म्हटलं की मसाला कुठला आणि तांदूळ कुठला यावरच सगळी चर्चा होते, भांड्याबद्दल कोणी बोलतच नाही. आणि हैदराबादी पद्धतीची कच्ची बिर्याणी असेल, म्हणजे मटण कच्चंच खाली आणि त्यावर भात, तर निम्मं काम हंडीच्या बुडावर असतं. म्हणून पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून घेतलेल्या तांब्याच्या हंडीबद्दल लिहितेय.

हंडी पोटाला रुंद, तोंडाशी निमुळती, आतून कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर आणि बाहेरून मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून केलेली नक्षी. ते हातोडीचे ठोके नुसते शोभेचे नाहीत बरं का, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो त्यामुळे लवकर पोचे येत नाहीत. भाव वजनावर लागतो, वर मजुरी, त्यामुळे पातळ पत्र्याची स्वस्तात पडते पण बिर्याणीला ती घेऊच नका, हातात उचलून बूड जड लागतंय ना ते बघा.

आता मुख्य गोष्ट, दम. दही, कच्ची पपई, तळलेला कांदा, आलं-लसूण, शहाजिरं लावून मुरवलेलं मटण खाली, त्यावर 70 टक्के शिजलेला बासमती, मग पुदिना, केशराचं दूध, तूप, आणि झाकणाची कड कणकेने बंद. आधी मोठी आच, कडेने वाफ जोर करायला लागली की खाली तवा सरकवून एकदम मंद. स्टीलच्या पातळ टोपात जिथे ज्वाळा लागते तेवढंच बूड तापतं, मग मध्ये मसाला करपतो आणि कडेचं मटण चिवट राहतं. तांब्यात उष्णता स्टीलच्या वीस पटीहून जास्त सहज पसरते आणि तो फरक खरंच ताटात दिसतो. कणीक फोडून झाकण उघडलं आणि कडेने उलथणं अगदी तळापर्यंत घातलं तर मसाला सगळीकडे सारखा तेल सुटलेला, कुठेही काळा डाग नाही, कडेचं नळीचं मटणसुद्धा हाडापासून अलगद सुटत होतं! वर पुसा 1121 या बासमतीचा लांब दाणा मोकळा, निमुळत्या तोंडामुळे वाफ आतच फिरते म्हणून वरचा थरही कोरडा पडत नाही. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण मार्क देईन.

पण सांभाळावं लागतं हे आधीच समजून घ्या. मटण हंडीत मुरवत ठेवू नका, काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात मुरवा, कारण दह्याचा आंबटपणा रात्रभर कल्हईला लागून राहणं चांगलं नाही. कथील 232 अंशाला वितळतं त्यामुळे रिकामी हंडी गॅसवर तापवायची नाही, कांदा तळायला वेगळी कढई घ्या. उलथणं लाकडी, घासायला तारेची घासणी अजिबात नको, बाहेरून चिंच-मीठ लावलं की लखलखीत होते. आतून लालसर तांबं दिसायला लागलं की वापर बंद, कल्हई करूनच परत चुलीवर. पूर्वी कल्हईवाले दारावर यायचे, नवसागराचा तो पांढरा धूर ज्यांना आठवतो त्यांना कळेल, आता त्यांना शोधत जावं लागतं, म्हणून घेतानाच पुढच्या कल्हईचं विचारून ठेवा. इंडक्शनवर ही चालत नाही, ज्यांच्याकडे फक्त इंडक्शन आहे त्यांनी हा खर्च करू नये.

वर्षातून एखाद्या वेळी बिर्याणी करणाऱ्यांना जाड बुडाचा अॅल्युमिनियमचा टोप आणि खाली तवा एवढं पुरतं, तेही वाईट नाही. ज्यांच्या घरी पाहुणे आले की बिर्याणीच होते त्यांनी मात्र ही नक्की घ्यावी. मापाचं सांगायचं तर 1 किलो मटण आणि 1 किलो तांदळाला 8 लिटरच्या खाली जाऊ नका, वर वाफेला जागा राहायला हवी.