पल्सरचे प्लग बदलले, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या छोट्या गॅरेजात

माझी पल्सर १५० पहिल्या पावसापासूनच सकाळी सेल्फ मारून मारून पण उठत नव्हती, उठली की सिग्नलला बंद पडायची. घराजवळच्या एका मेकॅनिकने स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो) बदलला म्हणून पैसे घेतले, पण फरक शून्य. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो, तिथल्या भाऊंनी बघितलं तर एकच प्लग नवीन, दुसरा तसाच काळाकुट्ट!! अहो ह्या गाडीला दोन प्लग असतात, इंजिनच्या दोन्ही बाजूंना एकेक, दोन्ही बदलायला पाहिजेत.

काम बघून खरंच समाधान वाटलं. आधी इंजिन थंड होऊ दिलं, प्लगभोवतीची माती हवेने उडवली म्हणजे आत सिलिंडरमध्ये कचरा जात नाही, प्लगच्या टोकाचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासला, आणि नवीन प्लग आधी हाताने आटे बसवत फिरवला, पाना नंतर, वॉशर टेकल्यावर साधारण अर्धाच फेरा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जोर लावला की आटे जातात आणि मग खर्च प्लगच्या कितीतरी पट. जुना प्लगही हातात दिला, कोरडी काजळी होती, म्हणाले एअर फिल्टर बघू, तो पण चोंदलेला निघाला. टोक चहाच्या रंगाचं असेल तर सगळं बरोबर, ओलं तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा वगैरे बघाव्या लागतात.

प्लग कॅपमध्येही (प्लगवर बसते ती वायरची टोपी) पाणी होतं ते पुसून दिलं. आता पहिल्या सेल्फला उठते. शनिवारी गर्दी फार असते, सकाळीच जा.