कारखान्याचं काम कागदावर: कधी, किती आणि कुणाच्या हातानं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे १२ माग चालवणाऱ्याला सगळं तोंडपाठ असतं. कोणत्या गिऱ्हाइकाला किती वजनाचा माल लागतो, कोणत्या शेडला (रंगछटेला) किती सोडा, कुणाची डझनं कशी बांधायची. मागांचे २४ झाले, स्वतःचं डाईंग (रंगाई खातं) आलं, शिलाईला आणखी १० जणी आल्या, की त्याच तोंडपाठ असण्याची अडचण होते. मालक बँकेत गेला की लॉट त्याच्या फोनची वाट बघत थांबतो. मग कुणीतरी सांगतं, "सगळ्याच्या एसओपी करून घ्या." एसओपी म्हणजे काम कसं करायचं ते पायरीपायरीनं लिहिलेला कागद. त्या सल्ल्यातला 'सगळ्याच्या' हा शब्द तेवढा सोडून द्यावा. पुढची तुलना साधारण १५ ते ६० माणसांच्या टॉवेल, चादर किंवा गणवेशाच्या युनिटसाठी आहे.

आत्ता लिहायचं की थांबायचं?

नवीन मशीन बसल्यावर पहिले दोन-तीन महिने सेटिंग दर आठवड्याला बदलतं. तेव्हा लिहिलेला कागद महिन्यात खोटा ठरतो, आणि कामगाराला एकदा का भिंतीवरचा कागद चुकीचा सापडला की तो पुढचे बरोबर कागदही वाचत नाही. त्यापेक्षा कागद नसलेला बरा. उलट फार थांबलं, तर डाईंग मास्टर दुसरीकडे गेल्यावर त्याच्या जुन्या लॉटच्या चिंध्या बघून रेसिपी ओळखायची पाळी येते.

तीन गोष्टी जुळल्या की लिहायला घ्यावं. काम तीन महिने एकाच पद्धतीनं चाललंय, ते एकाहून जास्त माणसं किंवा दोन पाळ्या करतात, आणि चूक झाली तर परत फिरता येत नाही. तिसरी कसोटी सगळ्यात जड. शेड गडद झाली तर रंग उतरवायला रसायन, वाफ आणि एक पाळी जाते, शिवाय कापडाचा जीव जातो तो वेगळाच. गणवेशाचं कटिंग चुकलं तर थरच्या थर जातो. पॅकिंग चुकलं तर पिशवी उघडून पुन्हा भरायची, एवढंच. म्हणून डाईंग आणि कटिंग आधी. पॅकिंगला सहा महिने उशीर झाला तरी चालेल. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या कार्टनवरचं मार्किंग मात्र याला अपवाद.

हंगामही बघावा लागतो. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे गणवेशवाल्यांनी मार्च ते मे या काळात लिहायला बसणं व्यर्थ. तेव्हा प्रत्येक टेबलाला एक वही दोरीनं बांधावी आणि चूक झाली की तारीख, काय झालं, किती नग, एवढंच टिपावं. जुलैत ती वही उघडली की काय लिहायचं ते आपोआप कळतं. टॉवेलवाल्यांना असा निवांत महिना मिळत नाही. त्यांनी संक्रांतीच्या गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या मागचे-पुढचे दिवस बघावेत. हजेरी कमी असताना एका माणसावाचून जे काम अडलं, त्याचा कागद पहिला.

तोंडी शिकवणं की भिंतीवरचा कागद?

तोंडी पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) सांधणं, मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणं, ओल्या कापडाला हात लावून सांगणं, हे कागदावर उतरत नाही. शेजारी उभं राहूनच ते शिकावं लागतं. शिवाय सोलापूरच्या खात्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि हिंदी एकाच वेळी चालते. जॉबरनं (मागांवरच्या मुकादमानं) पोराला तेलुगूत दोन वाक्यांत सांगितलेलं मराठीतल्या पानभर मजकुराहून पक्कं बसतं.

तोंडी पद्धत फसते ती आकड्यांत. "मीठ दोन पोती टाक" ही सूचना पोतं ५० किलोचं असेल तोवरच बरोबर. पुरवठादारानं २५ किलोची पोती पाठवली की मीठ निम्म्यावर येतं, रंग धाग्यावर नीट चढत नाही आणि शेड फिकी निघते. दोष मात्र डायला लागतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे १०० किलोची रेसिपी ८० किलोच्या लॉटला तशीच ओतणं. म्हणून आकड्यांचं काम भिंतीवर हवं, आणि तेही गुणाकार करून. खात्यात उभ्या माणसाला 'लिटरला ५० ग्रॅम' लिहून देऊ नये, किलो लिहून द्यावेत. १ किलो मालाला ८ लिटर पाणी, डाय २ टक्के, मीठ लिटरला ५० ग्रॅम आणि सोडा ॲश लिटरला १५ ग्रॅम धरली, तर रिॲक्टिव्ह डायचा (सुती धाग्याशी रासायनिक बंध धरणाऱ्या रंगाचा) नमुन्याचा तक्ता असा होतो:

| माल | पाणी | डाय | मीठ | सोडा ॲश |
|---|---|---|---|---|
| ६० किलो | ४८० लिटर | १.२ किलो | २४ किलो | ७.२ किलो |
| ८० किलो | ६४० लिटर | १.६ किलो | ३२ किलो | ९.६ किलो |
| १०० किलो | ८०० लिटर | २ किलो | ४० किलो | १२ किलो |

हे प्रमाण डायच्या जातीनुसार आणि शेडच्या गडदपणानुसार बदलतं, त्यामुळे प्रत्येक शेडचा तक्ता वेगळा. खाली चारच ओळी असाव्यात. मीठ दोन-तीन हप्त्यांत टाकणे. सोडा विरघळवून थोडा-थोडा सोडणे, एकदम ओतल्यास चट्टे पडतात. ६०° सेल्सिअसला किती मिनिटं ठेवायचं. शेड जुळवताना नमुना आधी वाळवणे, कारण ओलं कापड नेहमी गडद दिसतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पाचवी ओळ जडपणा तपासण्याची घालावी. जड पाण्यातले क्षार डाय फुकट घालवतात, आणि उन्हाळ्यात टँकर बदलला की पाणीही बदलतं.

आकडा लिहिला तरी फसतं ते कुठे?

वजनाचं उदाहरण बघा. ३० बाय ६० इंचाचा, ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल सुमारे ४६४ ग्रॅमचा भरतो. तो ४८० ग्रॅमचा जाऊ लागला तर १,००० टॉवेलांमागे १६ किलो सूत फुकट गेलं. म्हणून बहुतेक ठिकाणी काट्याजवळ '४६४ ग्रॅम' असं लिहिलेलं असतं, आणि तरीही भांडण होतं. कापूस हवेतला ओलावा ओढतो. प्रमाण हवेत त्याच्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल असते. ड्रायरमधून गरमागरम काढलेला टॉवेल काट्यावर हलका भरतो. चेकर तो कमी वजनाचा म्हणून बाजूला काढतो, मागवाला चिडून पाइलची (टॉवेलवरच्या फासांची) उंची वाढवतो, आणि चार तासांनी तोच माल गोदामात भारी निघतो. म्हणून कागदावर तीन गोष्टी हव्यात: आकडा, वर-खाली किती चालेल (उदाहरणार्थ १० ग्रॅम) आणि कधी मोजायचं. यातलं तिसरंच सहसा राहून जातं.

व्हिडिओ की कागद?

हाताच्या कामाला व्हिडिओ सरस: हेमिंगचा कोपरा वळवणं, लेबल धरणं, चादरीची घडी. एका व्हिडिओत एकच क्रिया, ६० ते ९० सेकंद, आणि कॅमेरा काम करणारीच्या खांद्यामागून. समोरून काढला की डावं-उजवं उलटतं आणि शिकणारी गोंधळते. आवाज तिच्याच भाषेत. आकडे मात्र व्हिडिओत अजिबात नकोत. किती ग्रॅम ते शोधायला कुणी मागे-पुढे करत बसत नाही, आणि प्रमाण बदललं की आख्खा व्हिडिओ फुकट. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ आठवड्यात सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. खात्यात एक जुना फोन ठेवून त्यावरच साठवलेला बरा.

जाडजूड फाइल, आयएसओ आणि सॉफ्टवेअर

गिऱ्हाइकानं आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) मागितलं असेल तर ते करावंच लागेल. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी तपासणी होते. पण २०१५ च्या आवृत्तीनं गुणवत्ता पुस्तिका आणि आधीच्या सहा सक्तीच्या लेखी कार्यपद्धती काढून टाकल्या. किती लिहायचं ते बरंचसं युनिटच्या गरजेवर सोडलं. तरी कुणी २०० पानांची तयार फाइल नाव बदलून देऊ लागला, तर ती तपासणीच्या आदल्या दिवशीच उघडली जाईल हे धरून चाला. गिऱ्हाईक मागत नसेल तर या टप्प्यावर हा खर्च आम्ही करणार नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. ऑर्डर, साठा आणि जॉब वर्कला बाहेर गेलेला माल यांचा हिशेब ठेवायला ते उत्तम, पण काम कसं करायचं ते त्यात लिहून ठेवलं तर मागावरचा माणूस ते वाचायला ऑफिसात येणार नाही.

लिहिणार कोण?

मालकानं लिहिलं तर काम कसं व्हायला हवं ते उतरतं. प्रत्यक्षात कसं होतं ते नाही. बाहेरचा सल्लागार भाषा स्वच्छ देतो, पण पोत्याच्या वजनासारखी गोष्ट त्याला सुचत नाही. करणारा माणूस सांगतो आणि सुपरवायझर किंवा शिकलेला पोरगा लिहून घेतो, ही जोडी सगळ्यात चांगली. दोन तासांत एक पान होतं.

अडचण येते डाईंग मास्टरपाशी. रेसिपीची डायरी त्याच्या खिशात असते, कारण ती डायरीच त्याची किंमत. गुपचूप फोटो काढायला लावणारे मालक आहेत. मग मास्टर डायरीत खुणेचे आकडे लिहू लागतो. त्यापेक्षा सरळ बोलावं: "मास्टर, शेडचे तक्ते तुमच्या हातानं करून द्या, त्याचे पैसे वेगळे." पगारवाढ किंवा शेडमागे ठरावीक रक्कम, जे ठरेल ते तक्ते सुरू होण्याआधी ठरवा. नवीन शेड बसवणं त्याच्याकडेच राहील हेही तेव्हाच सांगा, कारण जुन्या शेडची रोजची मोजणी हातून सुटल्यावर त्याच्याकडे तेवढंच उरतं.

लावल्यानंतर

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि सही. नवा लावला की जुना त्याच वेळी फाडायचा. दोन खात्यांत दोन झेरॉक्स राहिल्या की रात्रपाळी हमखास जुना वाचते. डाईंग खात्यात वाफेनं कागद आठवड्यात गळतो, म्हणून लॅमिनेशन करा, पण आकड्यांचा रकाना मार्करनं बदलता येईल असा ठेवू नका. सुताचा काउंट (जाडी-बारीकपणा), डायची कंपनी, पाण्याचा स्रोत किंवा मशीन बदलली की त्या-त्या कागदाची तपासणी त्याच दिवशी.

पहिला कागद तयार झाला की तो त्या कामावर कधीच नसलेल्या माणसाच्या हातात द्या आणि लिहिणाऱ्याला तोंड न उघडता शेजारी उभं करा. माणूस जिथे मान वर करून विचारतो तिथे ओळ वाढवा. ज्या ओळीकडे त्यानं बघितलंच नाही ती पुढच्या झेरॉक्सच्या आधी काढून टाका.