स्लॅबमधलं नाणं: पैसे नाण्याचे की डबीचे?

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून त्यांना दर्जाचा आकडा (ग्रेड) देणाऱ्या अमेरिकन कंपन्या. त्यांच्या सीलबंद प्लास्टिक डबीतलं, म्हणजे ‘स्लॅब’मधलं नाणं घ्यावं का? ज्या नाण्याच्या नकला बाजारात खोऱ्याने मिळतात, ते असेल तर बेलाशक घ्यावं. नुसत्या मोठ्या आकड्याला भुलून घेणार असाल, तर हात आवरा.

स्लॅबची खरी कमाई म्हणजे अस्सलपणाची तपासणी. अमेरिकेचा १९०९चा एस-व्हीडीबी लिंकन सेंट घ्या. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीची खूण, व्हीडीबी ही नाणं घडवणाऱ्या कलाकाराची आद्याक्षरं. पाडली गेली ४,८४,००० नाणी, मागणी त्याच्या कितीतरी पट. म्हणून त्याच वर्षीच्या एस नसलेल्या साध्या व्हीडीबी सेंटवर एस चिकटवून विकतात. तो सांधा ओळखायला भिंग हवं आणि सरावलेला डोळा हवा. दोन्ही नसेल तर असं नाणं सुटं, म्हणजे डबीशिवाय, घेऊ नये.

आकड्याची गोष्ट वेगळी. १ ते ७० ही दर्जाची पट्टी नाणेअभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी बसवली. ६०पासून पुढे न वापरलेली नाणी. ६५ आणि ६६ यांतला फरक कित्येकदा नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरचा एक ओरखडा एवढाच असतो, किमतीतला मात्र भलताच. तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं तर आकडा एकाने वर-खाली होऊ शकतो, आणि केवळ यावर धंदा करणारे आहेत. जुनं लेबल परत केलं नाही तर तेच नाणं कंपनीच्या नोंदीत दोनदा मोजलं जातं. तेव्हा ‘या ग्रेडची इतकीच नाणी’ हे वाक्य थोडं कमी गंभीरपणे घ्यावं.

लेबलवर ‘डिटेल्स’ दिसलं की समजा, नाणं खरं आहे पण घासलेलं, कोरलेलं किंवा गंजलेलं. अंक नसतो, आणि विकताना गिऱ्हाईक घासाघीस करणारच. उलट अंक मिळालेली नाणीही एकाच दिव्याखाली तिरकी करून बघा. टाकसाळीची मूळ चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. ती मेलेली आणि वर एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसल्या, तर पुसलंय. रेषा नाण्यावर आहे की प्लास्टिकवर, हे भिंगाचा फोकस वर-खाली केला की कळतं.

डबीही खोटी असते. सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून नोंद सापडली, एवढ्यावर विसंबू नका, कारण नकली डबीवर खरा नंबर छापतात. साइटवर फोटो असेल तर एखादा ठळक डाग किंवा खरचटा जुळवून पाहा. जोडावर पांढरट ओरखडे, डिंकाचे थेंब दिसले तर डबी उघडलेली असू शकते. आणि वजन? बंद डबीत ते करताच येत नाही.

नव्या नाण्यांचा ७० ग्रेड मला सगळ्यात महागडा वाटतो. ५ पट भिंगाखाली दोष नाही, एवढाच त्याचा अर्थ. यंत्रावर पाडलेल्या आजच्या नाण्यांत अशी पुष्कळ निघतात. लेबलवरचं ‘अर्ली रिलीज’ म्हणजे नाणं निघाल्यावर लवकर पाठवलं एवढंच; ही तर फक्त तारीख, दर्जा नव्हे. चांदीवर दुधी डाग नंतरही उमटतात आणि हमीत ते सहसा वगळलेले असतात. डबी हवाबंद नसते. दमट जागेत तांबं काळवंडणारच, सिलिका जेल ठेवा.

साधी, स्वस्त नाणी सुटी घ्या आणि मायलर या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात किंवा ॲक्रिलिकच्या डबीत ठेवा. पीव्हीसीची मऊ पाकिटं मात्र नकोत, त्यांचा हिरवा चिकटा नाण्यावर बसतो.