६८,५०० रुपयांचं ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र: इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या कोर्सला पैसे भरण्याआधी हे वाचा

इंदापूर तालुक्यातल्या, बारावी सायन्स झालेल्या एका मुलाने पुण्यात ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’चा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर किंवा कॅज्युअल्टीत रुग्णाला पहिली मदत देणाऱ्याचा, सहा महिन्यांचा कोर्स केला. फ्लेक्स स्वारगेटला एसटी स्टँडबाहेर लागला होता: सरकारमान्य, १०८ ॲम्ब्युलन्सवर शंभर टक्के नोकरी, शेवटच्या दहा जागा. वडिलांनी उसाच्या बिलातून फी भरली. कोर्स संपवून तो एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मुलाखतीला गेला, तर तिथल्या एचआरच्या मॅडमनी प्रमाणपत्र पाच मिनिटांत परत दिलं. त्यावर ज्या ‘कौन्सिल’चं नाव होतं ती कुठल्याही कायद्याने स्थापन झालेली नव्हती. दुसऱ्या राज्यात नोंदलेली ती एक खासगी सोसायटी होती.

त्याच्या पावत्या, प्रॉस्पेक्टस आणि प्रमाणपत्र समोर ठेवून हे लिहिलं आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. असे वर्ग दर दोन वर्षांनी बोर्ड बदलतात, पद्धत मात्र तीच राहते.

आधी पैसे कसे गेले ते बघा. जागा धरून ठेवायला ५,००० रुपये, एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. पहिला हप्ता २५,००० रोख; त्याची पावती एका ट्रस्टच्या नावाने आणि त्यावर शब्द ‘देणगी’. दुसरा हप्ता २५,००० बँकेतून, संस्थेच्या खात्यावर. मग परीक्षा फी ४,५००, ‘कौन्सिल नोंदणी’ ६,००० आणि हॉस्पिटल पोस्टिंगचे ३,०००. ॲडमिशनच्या वेळी फक्त दोन हप्ते सांगितले होते. बाकीचे पैसे मागितले तेव्हा मूळ टीसी आणि बारावीची मार्कलिस्ट संस्थेच्या कपाटात होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नव्हती. खऱ्या परिषदेकडे नोंदणी करताना अर्ज उमेदवाराच्या स्वतःच्या नावाने जातो आणि फी परिषदेच्या खात्यात जमा होते. क्लासच्या टेबलावर कुणी नोंदणीचे पैसे रोख मागत असेल तर तिथेच थांबा.

ऑफिसच्या भिंतीवर सात-आठ फ्रेम होत्या आणि वडिलांचा विश्वास बसला तो त्यांच्यावर. त्या कागदांचे खरे अर्थ वेगळे आहेत. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खालचं प्रमाणपत्र म्हणजे काही माणसांनी संस्था नोंदवली, एवढंच. शॉप ॲक्टचा परवाना दुकानालाही लागतो. उद्यम नोंदणी लघुउद्योगासाठी असते आणि ती ऑनलाइन, स्वतःच्या घोषणेवर मिळते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक स्वयंसेवी संस्थांसाठी आहे. ‘नीती आयोग मान्यताप्राप्त’ हे शब्द त्यातून निघत नाहीत. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं आणि ते सरकार देत नाही. हे सगळे कागद अस्सल असू शकतात, आणि म्हणूनच फसायला होतं. त्यातला एकही कागद रुग्णाला हात लावणाऱ्या माणसाचं शिक्षण तपासत नाही.

प्रमाणपत्राच्या वरच्या कोपऱ्यात चार सिंहांची राजमुद्रा छापली होती, खाली सोनेरी सील आणि क्यूआर कोड. खासगी संस्थेला राजमुद्रा वापरता येत नाही. २००५ च्या कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्यूआर कोड स्कॅन केला की मुलाचा फोटो, नाव आणि हिरव्या अक्षरात ‘व्हेरिफाइड’ येत होतं. ते पान त्याच कौन्सिलच्या वेबसाइटवर होतं, म्हणजे ज्याने प्रमाणपत्र छापलं तोच ते खरं असल्याचं सांगत होता. पत्त्याच्या शेवटी ‘ओआरजी डॉट इन’ होतं, जे कुणालाही विकत मिळतं. ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हे पत्ते सरकारी यंत्रणेलाच मिळतात, आणि ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांना.

मग खरी मान्यता कुणाची? एकच एक कार्यालय नाही, आणि याच गोंधळावर हा धंदा चालतो. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय नावानिशी आहे. कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी लागते आणि हे तास दोन ते चार वर्षांत विभागलेले असावे लागतात. सहा महिन्यांच्या वर्गातून ‘या कायद्याखाली नोंदणीकृत पॅरामेडिक’ बाहेर पडणार नाही. नवी संस्था किंवा नवा कोर्स काढायला राज्य परिषदेची पूर्वपरवानगी हवी, हेही त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्रात आरोग्यशिक्षणाच्या पदव्या मुख्यतः नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळतात. संलग्न कॉलेजांची यादी विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघता येते.

सहा महिन्यांचे सगळेच वर्ग खोटे असतात, असं नाही. कौशल्य प्रशिक्षणाची वेगळी वाट आहे. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, बेसिक’ ही भूमिका एचएसएस/क्यू२३०१ या क्रमांकाने, चौथ्या स्तरावर आहे. तिची परीक्षा शिकवणारा वर्ग घेत नाही, बाहेरचा मूल्यमापक घेतो. राज्यातही कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ अल्पमुदतीच्या कोर्सना मान्यता देतं, तीही संस्थेच्या आणि कोर्सच्या ठरावीक कोडसह. त्यामुळे विचारायचं ते असं: मान्यता कुठल्या यंत्रणेची, कुठल्या कोर्सला, कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या शैक्षणिक वर्षासाठी? कर्वे रोडवरच्या शाखेची मान्यता हडपसरच्या शाखेला लागू होत नाही, आणि ‘रुग्ण सहायक’ कोर्सची मान्यता इमर्जन्सीच्या कोर्सला चालत नाही. या मुलाच्या संस्थेकडे एका संगणक कोर्सची जुनी मान्यता खरोखर होती. प्रॉस्पेक्टसमध्ये तिचाच क्रमांक छापला होता.

घरबसल्या डिप्लोमा देणारा दुसरा प्रकार जास्तच वाईट. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘स्टडी सेंटर’ म्हणून सदाशिव पेठेत एक खोली घेतात, परीक्षेला एकदा रेल्वेने नेतात आणि मागच्या वर्षाच्या तारखेची मार्कलिस्टसुद्धा देऊ करतात. २०२१ च्या त्या आयोगाच्या कायद्यात येणारे कोर्स मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. मागच्या तारखेची मार्कलिस्ट हा तर सरळ गुन्हा आहे.

कागद बाजूला ठेवले तरी शिकवण्यात काय गेलं ते मुलाखतीत दिसलं. समोर छोटा बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर होता, काळा आणि खांद्याशी पांढरा, गेजचा काटा १०० बारवर. प्रश्न एवढाच: रुग्णाला मिनिटाला १० लिटर चालू आहे, किती वेळ पुरेल? या सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर, म्हणून १० गुणिले १०० म्हणजे १,००० लिटर, म्हणजे १०० मिनिटं. त्यातूनही थोडा राखीव सोडायचा. इंदापूरहून पुण्याला यायला हडपसरची कोंडी धरून तीन तास लागू शकतात. म्हणजे गाडी सुटण्याआधी दुसरा भरलेला सिलिंडर चढवायलाच हवा. मुलाला हे येत नव्हतं, आणि रेग्युलेटर बसवण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवायची, जोडाला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, हेही कुणी सांगितलं नव्हतं. तो हुशार आहे. सहा महिन्यांत त्याच्या हातात सिलिंडरची चावीच आली नव्हती.

साठ मुलांत सीपीआरचा एकच पुतळा होता आणि त्याची स्प्रिंग बसलेली. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, कारण छाती वर आली नाही तर हृदय पुन्हा भरत नाही. बसलेल्या स्प्रिंगवर हाताला हे कळणारच नाही. मुलं तोच चुकीचा दाब शिकून गेली. शेवटी संस्थेने स्वतः छापलेलं ‘बीएलएस’ (बेसिक लाइफ सपोर्ट) प्रमाणपत्र दिलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं खरं कार्ड ऑनलाइन मिळतं, त्याचा कोड त्यांच्याच साइटवर तपासता येतो आणि ते दोन वर्षं चालतं. तेसुद्धा कौशल्याचं कार्ड आहे. त्यावरून कुणी टेक्निशियन ठरत नाही.

पोस्टिंगचं पत्र एका नर्सिंग होमचं होतं. तिथे अतिदक्षता विभाग नव्हता, रात्री डॉक्टर नसायचे. मुलांनी पंधरा दिवस केसपेपर लिहिले. लॉगबुकवरच्या सह्या मात्र एकाच दिवशी, एकाच पेनाने झालेल्या.

आणि १०८ बद्दल. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या: २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. तेव्हाच्या इथल्या रचनेत गाडीवर डॉक्टर आणि चालक, ज्याला पायलट म्हणतात, असे दोघं असत. इतर काही राज्यांत डॉक्टरच्या जागी टेक्निशियन असतो आणि जाहिरातीतले फोटो बहुतेक तिकडचेच असतात. पुण्यात या शिक्षणाला काम आहे ते मुख्यतः खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतल्या वैद्यकीय केंद्रांत. ‘१०८ ची हमी’ देणाऱ्याकडे नेमणूक करण्याचा अधिकार कुठून आला, ते त्याच्याकडून लेखी मागा.

पैसे भरण्याआधी चार दिवस काढा. मान्यतेचं पत्र मागा आणि त्याचा फोटो घ्या. ‘फोटो काढता येणार नाही’ म्हणाले तर उठून या. त्यातला क्रमांक संस्थेने पाठवलेल्या लिंकवर न बघता, विद्यापीठाच्या, मंडळाच्या किंवा स्किल इंडियाच्या साइटवर स्वतः जाऊन शोधा. पोस्टिंगचं पत्र घेऊन त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि ड्युटीवरच्या सिस्टरना विचारा, या संस्थेची मुलं येतात का. हे विचारायला पाच मिनिटं लागतात आणि उत्तर खरं मिळतं. शंका राहिलीच तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून संबंधित मंडळाकडे अर्ज करा: अमुक पत्त्यावरच्या अमुक संस्थेला अमुक कोर्ससाठी या वर्षी परवानगी आहे का? उत्तराची मुदत ३० दिवस आहे. संस्थेला ३० दिवस थांबणं परवडत नसेल तर त्यातूनही बरंच कळतं.

पैसे गेलेच असतील तर आधी फी परत मागणारा लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. मग पोलिस ठाण्यात तक्रार: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं आहे, बनावट दस्तऐवज असेल तर ३३६ आणि ३४०. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, सल्ल्यासाठी १९१५ वर फोन करा. तिथे संस्था म्हणेल की शिक्षण ही सेवा नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २०२० चा निकाल दाखवेल. त्याच निकालात कोचिंग क्लासना ती सूट दिलेली नाही. मान्यताच नसलेला वर्ग स्वतःला शिक्षणसंस्था कसा म्हणवतो, हा मुद्दा तक्रारीत पहिल्याच पानावर घ्या. खोटं आहे हे कळल्यावर ते प्रमाणपत्र कुठेही नोकरीसाठी दाखवू नका. जाणूनबुजून वापरलं तर ३४० कलम तुमच्यावरही लागू शकतं.

या मुलाला टीसी आणि मार्कलिस्ट पोलिसांत अर्ज दिल्यावर नवव्या दिवशी परत मिळाली. बँकेतून गेलेले २५,००० आले. रोख दिलेल्या २५,००० च्या पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं आहे, ते अजून अडकलेले आहेत.